जूनपासून आम्ही सोलापुरात

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलताना मुद्दा राहून जातो, म्हणून लिहिते. जूनपासून आम्ही सोलापूरला राहायला येतोय. बंड्याच्या शाळेचं नक्की झालंय. यांचं काम घरूनच चालतं.

बाबा, पीएफ मोडून पोरीला पुण्यात शिकवलं ते परत येण्यासाठी का, असं तुमच्या मनात येईल. शिक्षण कुठं जात नाही आणि नोकरीही सुटत नाही. आठवड्यातून एकदा हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन येईन. पण अनोळखी माणसाशी मी न बिचकता बोलते, ते कॉलेजात नाही शिकले. शेजारची अक्का आठवते ना? मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि मी पुढ्यात बसून पाढे म्हणायचे. तिला अक्षरओळख नव्हती. तरी मी अडखळले की तिची कात्री थांबायची आणि ती मान वर करून बघायची. तेलुगू मी तिच्याच उंबऱ्यावर शिकले. नळाला पाणी आलं की कुणाची घागर आधी, हे आपल्या गल्लीत भांडून आणि समजूत काढून ठरायचं. मला माणसं कळायला लागली ती तिथंच.

आणि बाबा, १२ जानेवारीला तुम्ही मला चार पुतळ्यापाशी न्यायचात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १९३१ साली इंग्रजांनी या चौघांना येरवड्यात एकाच दिवशी फाशी दिलं. "आडनावं नीट वाच," एवढंच म्हणायचात. मग सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत खांद्यावर बसवून नंदीध्वज दाखवायचात.

बंड्या मुळात बुजरा आहे, मामावर गेलाय. त्याचा स्वभाव बदलायचा नाहीये मला. पण लिफ्टमध्ये कुणी आलं की तो भिंतीला चिकटतो. इथं त्याच्या ओळखीची सगळी घरं आमच्यासारखीच आहेत. त्याला तुमच्यासोबत बाजारात हिंडू दे, गल्लीत खेळू दे, हरू दे.

आई, राहायला मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्यात. वाईट वाटून घेऊ नकोस गं. यांच्या मीटिंगा रात्री उशिरापर्यंत चालतात, बाबांची झोप मोडेल. जेवायला आम्ही तुझ्याकडेच. फक्त भाकऱ्या मी थापणार, तू चुलीपुढून उठायचंस. शेंगाचटणी मात्र तूच कुटायची, मला तशी जमत नाही. कधी ताप आला तर मी पूर्वीसारखी तुझ्याच कुशीत येऊन झोपणार, आधीच सांगते.

आता ऐका. उन्हाळा निघेपर्यंत बाबांनी दुपारी घराबाहेर पडायचं नाही, बँकेचं काम असलं तरी. बीपीची गोळी नाश्त्यानंतर लगेच. गच्चीवरच्या टाकीत पाणी बघायला कुणीही जिना चढू नये, शेजारच्या पोराला सांगून ठेवलंय. नवा कूलर शनिवारी येईल. जुना भंगारात द्या, "अजून चालतो" म्हणून ठेवू नका.

बंड्यासाठी खाटेवर चादर काढून ठेवू नकोस आई, त्याला खाली तुमच्यामध्येच झोपायचंय.

तुमची,
बेबी