युद्ध कशाला म्हणावे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या आजी सकाळीच एक दैनिक हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांचा नातू सैन्यात असून सध्या सीमेवर आहे. आजींना बारीक अक्षर दिसत नाही. मोठ्या ठशातले ‘आजपासून महायुद्ध’ एवढे मात्र त्यांनी एकेक अक्षर लावून वाचले होते आणि त्यावर ठेवलेले त्यांचे बोट थरथरत होते. “गुरुजी, कुठं लागलंय वो युद्ध? आमच्या पोराच्या तिकडं न्हाई न्हवं?” मी चष्मा लावून पाहिले, तर बातमी शाहू स्टेडियमवरील पेठांच्या फुटबॉल सामन्यांची होती.

तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे मला कशालाही युद्ध म्हणण्याच्या या सवयीचे मूळ इंग्रजी ‘वॉर’च्या सैल वापरात दिसते. गँगवॉर, प्राइसवॉर, वॉररूम हे शब्द तिकडून जसेच्या तसे आले आणि त्यांच्यामागून टोळीयुद्ध, दरयुद्ध आले. वास्तविक ‘वॉर’चे मूळ गोंधळ, बखेडा अशा अर्थाच्या जुन्या जर्मानिक शब्दात असून तो जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच मुळापासून स्पॅनिशमधील ‘गेरा’ म्हणजे युद्ध आणि त्याचे लघुरूप ‘गेरिला’ म्हणजे छोटे युद्ध हे शब्द झाले. 1808 नंतर नेपोलियनच्या फौजांशी स्पेनमध्ये जी झुंज झाली, तिच्यामुळे हा दुसरा शब्द इंग्रजीत रुजला. त्यामुळे ‘गेरिला वॉर’ म्हणताना आपण युद्ध हा शब्द दोनदा उच्चारतो, आणि तेही ‘गनिमी कावा’ हा अस्सल शब्द घरात असताना.

इंग्रजी इतिहासकार ‘वॉर’ आणि ‘बॅटल’ यांत मात्र सहसा गल्लत करत नाहीत. 1803 ते 1805 चे दुसरे इंग्रज-मराठा युद्ध हे ‘वॉर’, आणि त्यातली 1803 मधली असईची लढाई ही ‘बॅटल’. आपणही प्लासीची लढाई म्हणतो; पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी जे एका दिवसात घडले त्याला मात्र युद्ध म्हणतो. पानिपतचे दुःख एवढे मोठे आहे की तेथे मी हट्ट धरणार नाही. पण एरवी आपल्याकडे शब्दांची ददात नाही. 1660 साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातला तो वेढा, घोडखिंडीत बाजीप्रभूंनी दिली ती झुंज; शिवाय स्वारी, मोहीम, छापा, चकमक आहेतच, आणि यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

दुसरीकडे, जेथे खरोखर युद्ध असते तेथे राज्यकर्ते हाच शब्द टाळतात. 1950 मध्ये कोरियात अमेरिकी सैन्य उतरले त्याला ‘पोलिसी कारवाई’ म्हटले गेले. आपल्या मराठवाड्यात सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय सैन्य शिरले, तरी जुनी माणसे आजही ‘पोलिस ॲक्शन’च म्हणतात. नावाच्या या पळवाटेमुळे माणसांचे संरक्षण हुकू नये म्हणून 1949 च्या जिनिव्हा करारांत घोषित युद्धाबरोबरच ‘सशस्त्र संघर्ष’ असा व्यापक शब्द घातला गेला आणि एका पक्षाने युद्धस्थिती अमान्य केली तरी करार लागू राहतील, असे स्पष्ट लिहिले गेले. एका शब्दावर जखमींचे, कैद्यांचे संरक्षण अवलंबून राहू शकते, हे ज्यांनी ओळखले त्यांची ही काळजी होती.

आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखे, नावातच सैनिक वागवणारे गाव आहे. वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे हजारो निर्वासित येऊन राहिले होते. महायुद्ध या शब्दाचा अर्थ या मातीला वेगळा सांगायला नको.

म्हणून विनंती एवढीच, की फुटबॉलला चुरस किंवा झुंज म्हणावे, टोळ्यांच्या भांडणाला मारामारी, आणि दुकानदारांच्या चढाओढीला दरकपात. आपल्या दैनिकात मथळे लावणाऱ्या सहकाऱ्यांपर्यंत हे पत्र कृपया पोहोचवावे. आजींना मी ती बातमी दोनदा वाचून दाखवली, तेव्हा कुठे त्या घरी गेल्या.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
कोल्हापूर