मुलाच्या वारसांत आईचं नाव कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘जिवंत सातबारा’ मोहिमेच्या बातम्या मी नेमाने वाचते. किती मयत खातेदारांची नावं कमी झाली, किती वारसनोंदी झाल्या, कोणता तालुका पुढे, कोणता मागे. 2025च्या एप्रिलपासून हे काम राज्यभर सुरू झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. सातबारा पणजोबाच्या नावावर आणि पणतू पीककर्जासाठी सोसायटीच्या दारात, अशी घरं आमच्याकडे कमी नाहीत. पण वारस ठरतात कसे, याबद्दल मला लिहायचं आहे. मी निवृत्त आरोग्यसेविका आहे. बायकांची बाळंतपणं करण्यात आणि रजिस्टरं भरण्यात नोकरी गेली, त्यामुळे कोण कुणाच्या पोटचं हा माझ्या कामातलाच विषय.

वारसनोंद वरून साधी दिसते. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं लिहिलेलं स्वयंघोषणापत्र, पंचांच्या सह्या. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) वारस रजिस्टरला नोंद घेतात, फेरफार धरतात, नोटीस निघते. पंधरा दिवसांत हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. आता हे पंच कोण? शेजारचे, भावकीतले, त्याच घरच्या ओट्यावर चहा पिऊन सही करणारे. घरात काय आहे ते त्यांना त्या घरच्या पोरांपेक्षा जास्त माहीत असतं. त्यांच्याकडून चूक होत नाही. माहीत असूनच ते सही करतात.

आमचंच सांगते. घर आटपाडी तालुक्यातलं. वडील, म्हणजे आमचे नाना, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. शेती वस्तीवर, गावापासून तासाभराच्या वाटेवर. आईला आम्ही तिघी मुली. मी शेवटची, 1963ची. माझ्या पाठीवर मुलगा झाला नाही तेव्हा नानांनी वस्तीवर दुसरं घर केलं. देवळात हार घातले, चार माणसं जेवली. 1955च्या हिंदू विवाह कायद्याने ते लग्नच नव्हतं. शिवाय मास्तराची नोकरी. वरती एक निनावी अर्ज गेला असता तरी चौकशी लागली असती. तो अर्ज कुणीही केला नाही, कारण अख्ख्या गावाचे अर्ज नानाच लिहून द्यायचे. आम्हा मुलींना सांगितलं होतं, ती वस्तीवरची काकू, शेत बघते.

शनिवारी सकाळची शाळा असायची. सुटली की नाना सायकलवर आटपाडीच्या बाजाराला, तिथून परस्पर वस्तीवर आणि सोमवारी वस्तीवरून थेट शाळेत. दिवाळीला लुगडी दोन यायची, काठ एकच, रंग वेगळे. कापडवाला न सांगता दोन काढून ठेवायचा. म्हणजे कापडवाल्यालाही माहीत होतं, आम्हालाच नव्हतं. वर्गात एका मुलीने मला विचारलं, ‘तुझं भाऊ गावात का ऱ्हात न्हाईत?’ मला भाऊच नाहीत, असं मी सांगितलं. सगळ्या हसल्या.

1972च्या दुष्काळात वस्तीवरच्या विहिरीने तळ गाठला तेव्हा काकू दोन मुलांना घेऊन गावातल्या घरी राहायला आली. थोरला सहा वर्षांचा, धाकटा तिनाचा. त्या वर्षी शाळेत सुकडी मिळायची, घरात मिलोच्या लाल भाकरी, आणि गावाबाहेर खडी फोडायची कामं निघाली होती. काकू पहाटेच कामावर जायची. हजेरीपटावर मुकादमाने नवऱ्याचं नाव विचारलं तर तिने बापाचं सांगितलं. मुकादमानेही गुमान लिहून घेतलं, तो आमच्याच गल्लीतला. धाकटा दिवसभर आईजवळ असायचा. आई त्याला जेवू घालायची, न्हाऊ घालायची, आणि काकू आली की काही न बोलता चुलीपुढून उठायची. दोघींचं भांडण मी कधी ऐकलं नाही. गप्पाही ऐकल्या नाहीत. एका रात्री धाकटा झोपेत रडत उठला, ‘नाना, नाना’ म्हणत, आणि नानांनी त्याला उचलून खांद्यावर घेतला. आम्हाला कधी असं घेतल्याचं मला आठवत नाही. सकाळी आजीला विचारलं, हा नानांना नाना का म्हणतो? आजी म्हणाली, ‘मास्तर हायती, समदी पोरं म्हणत्यात.’ समदी पोरं त्यांना गुरुजी म्हणायची. मी नऊ वर्षांची होते, मला कळलं. कळलं ते कुणाला सांगायचं नाही हेही त्याच दिवशी कळलं.

मुलांना शाळेत नानांनीच घातलं, स्वतःच्या हाताने नाव लिहून. तेव्हा दाखल्यावर आईचं नाव विचारत नसत. रेशनकार्डावर मात्र पत्नी माझी आई आणि मुलं पाच. पुढे जिथे जिथे आईचं नाव विचारलं गेलं तिथे ते रेशनकार्ड बघून लिहिलं गेलं. आईने तीन मुली जन्माला घातल्या, कागदावर तिला दोन मुलगेही झाले. काकू कुठल्याच कागदावर नाही, तो हजेरीपट सोडला तर.

नाना 1996 साली गेले. कुटुंबनिवृत्तीवेतन आईला मिळालं, कायद्याने तेच बरोबर. पैसे काढून आणले की आई त्यातल्या काही नोटा रुमालात बांधून वस्तीवर पाठवायची. दर महिन्याला, मरेपर्यंत. तिने याबद्दल कधी कुणाशी चर्चा केली नाही आणि आम्हीही विषय काढला नाही. जमिनीचं हक्कसोडपत्र आम्ही तिघी बहिणींनी राजीखुशीने करून दिलं. मला आजही त्यातलं गुंठाभर नको आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून पहिला संशय तोच येईल.

आई 2011 साली गेली. गेल्या वर्षी थोरला भाऊ अचानक गेला. या मोहिमेत त्याची वारसनोंद धरली गेली: पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. आणि स्वयंघोषणापत्रात पुढे लिहिलंय, ‘आई पूर्वीच मयत.’ कागदावरची त्याची आई मयतच आहे, खोटं काहीच नाही. ज्या बाईने त्याला जन्म दिला ती ऐंशी ओलांडून त्याच वस्तीवर राहते, आणि सही करणाऱ्या पंचांपैकी दोघांनी तिच्या हातची भाकरी खाल्लेली आहे.

आपल्याकडे बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र न करता गेलेल्या मुलाची आई पहिल्या वर्गाची वारस आहे. बाप दुसऱ्या वर्गात, आई पहिल्या. त्याच्या पत्नीइतका आणि प्रत्येक मुलाइतकाच तिचा हिस्सा, म्हणजे आमच्या भावाच्या वाट्यातला चौथा. ती कुणाची लग्नाची बायको होती की नव्हती याच्याशी त्याचा संबंध नाही. लग्नाबाहेरचं मूलही आईच्या नात्याने तिचंच, असं कायदा म्हणतो. 1 सप्टेंबर 2023च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याने न टिकणाऱ्या लग्नातल्या मुलांना आईबापांच्या मालमत्तेत, वडिलांच्या वडिलोपार्जित हिश्श्यातही, वाटा दिला. मुलांची सोय झाली. काकूला नवऱ्याकडून काही मिळणार नाही हे मी समजू शकते. पण पोटच्या मुलाकडून मिळायचं तेही गेलं, तेही ती जिवंत असताना. ज्या घरांत असं काही लपवालपवीचं नाही तिथेही मुलाच्या वारसांत म्हातारीचं नाव बरेचदा घालतच नाहीत. ‘ती आहे की आमच्यातच,’ म्हणतात.

भाचा वाईट नाही. ‘आजीला आम्ही सांभाळतोच की, आत्या. नाव कशाला पाहिजे?’ असं तो म्हणतो, आणि सांभाळतो हे खरं आहे. पण टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून माळाला दर आलाय, डाळिंबवाले विचारत येतात, आणि विकायच्या बोलण्यात असलेल्या तुकड्यातच काकूचं घर आहे. नाव नसेल तर तिच्या अंगठ्याची गरज कुणालाच नाही.

मी काकूच्या वतीने हरकत दिली. नोंद तक्रारीत गेली. बहिणी माझ्याशी बोलायच्या थांबल्यात. ‘आई गेल्यावर तिची पोरं कमी करतेस?’ असं थोरलीने विचारलं. मला यावर उत्तर सुचलं नाही, कारण आईने त्या पोरांना खरोखरच आपलं मानलं होतं. अर्जावर अंगठा उठवताना काकूने फक्त एक विचारलं, ‘ह्यानं मास्तरांवर तर काय न्हाई न्हवं येणार?’ नानांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिला अजून त्यांच्या नोकरीची काळजी.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलं, चांगलं झालं. पण ज्यांच्या वारसनोंदी आज होत आहेत ती पिढी त्याआधीची. आरोग्य खात्यात माता-बाल रजिस्टर आईच्या नावाने सुरू होतं, बाळ नंतर येतं. महसूल खात्याने निदान मृताच्या आईबद्दल वेगळा प्रश्न विचारावा: जन्मदात्री कोण, ती हयात आहे का, तिला समक्ष कुणी भेटलं का. पंचांत दोन बायका घ्याव्यात. गावातली जुनी अंगणवाडी सेविका किंवा आशा बसवा, पोलीस पाटलाला चहा पिऊन जे विसरायला होतं ते तिला विसरता येत नाही. आणि नोटीस चावडीवर चिकटवून भागत नाही, ती वस्तीवर जाऊन वाचून दाखवायला हवी. काकूला वाचता येत नाही, तिच्यासारख्या कितीजणी असतील.

सुनावणीत मला तोंडी सांगण्यात आलं, पुरावा आणा, नाहीतर दिवाणी कोर्टात जा. त्या बाळंतपणाची सुईण कधीच गेली. जन्माची नोंद नानांच्या सोयीने झालेली. उरले आम्ही, घरातले. मी प्रतिज्ञापत्र करायला तयार आहे की माझ्या आईने त्या दोन मुलांना जन्म दिला नाही आणि त्यांची आई हयात आहे. धाकटा भाऊ डीएनए तपासणी करून घ्यायला तयार आहे, त्याने ते स्वतःहून सांगितलं. एवढ्यावर मंडळ अधिकारी निर्णय देऊ शकतात की ऐंशीच्या बाईला कोर्टाची पायरी चढायलाच लागते, याचा खुलासा महसूल खात्यातल्या जाणकारांनी आपल्या याच सदरातून करावा. पुढची तारीख लागलेली आहे, त्याआधी झाला तर आमच्या कामी येईल.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. आटपाडी, जि. सांगली

(नाव-पत्ता सोबतच्या कागदावर दिला आहे, तो छापू नये. गावातले ओळखतीलच, त्याला माझी हरकत नाही.)