सापाच्या पिल्लाला दूध नको, ऊब आणि निवांतपणा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

श्रावण जवळ आला की ओळखीच्या बायका मला विचारू लागतात, "तुमच्या सापाला पंचमीला दूध पाजायला येऊ का?" त्या भक्तीनेच विचारतात, म्हणून नाही म्हणताना जीव कसनुसा होतो. पण साप दूध पीत नाही. त्याची आई त्याला दूध पाजत नाही, त्याच्या पोटाला ते पचत नाही. पंचमीला गारुड्याचा नाग दुधात तोंड घालतो, तो आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला असतो म्हणून. त्या दुधाने तो आजारी पडतो, पुष्कळदा मरतो. आमच्याकडे मी पाटावर चंदनाने नाग काढते, लाह्या-दुधाचा नैवेद्य त्यालाच दाखवते. पूजा सगळी होते आणि जित्या जीवाला त्रास नाही.

आमच्याकडे आहे ते बॉल पायथनचं पिल्लू, माझ्या मुलाचं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा बिनविषारी अजगर. घाबरला की डोकं मधोमध घालून अंगाचा गोळा करून बसतो. त्याची केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर रीतसर नोंद केलेली आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या शेतात किंवा केळीच्या बागेत सापडलेला साप घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पावसाळ्यात नागाची, धामणीची पिल्लं अंड्यांतून बाहेर पडतात. नागाच्या पिल्लाला पहिल्या दिवसापासून विष असतं. 'लहान आहे, चार दिवस खाऊ घालू आणि सोडू' असं म्हणून कुणी ते बरणीत घालू नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

आमचं पिल्लू घरी आलं ते ऐन पौषात. जळगावात तेव्हा रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो, शहाबादी फरशीवर पाय ठेववत नाही. पिल्लू काही खाईना. विकणाऱ्याने "सगळं खातो, काळजी नको" यापलीकडे काही सांगितलेलं नव्हतं. मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे उकडलेलं अंडं द्या, कुणी म्हणे चिकनचा तुकडा द्या. एकाने तर जबडा उघडून घास आत ढकला म्हणून सांगितलं. पिल्लाचा जबडा नाजूक असतो. तसं केल्याने तोंडाला जखम होते, गिळलेलं ते ओकून टाकतं आणि आणखी भेदरतं. ती वेळ आलीच तर ते काम सापांचं जाणणाऱ्या पशुवैद्याने करायचं, घरच्यांनी नाही.

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. घरात अंडंसुद्धा शिजत नाही. तरी मी ठामपणे सांगते, हा जीव घरात आणला तर त्याचं अन्न त्याला मिळालंच पाहिजे, आणि त्याचं अन्न उंदीर आहे. आपला सोवळेपणा त्याच्या पोटावर लादायचा हक्क आपल्याला नाही. उंदरांसाठी मुलाने वेगळा छोटा फ्रीजर घेतला आहे. मुलगा बाहेरगावी असला की पिल्लाला खायला मीच घालते.

पिल्लू खात नव्हतं ते थंडीमुळे आणि भीतीमुळे. सापाला अंगची ऊब नसते; बाहेरून ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही, म्हणून तो खातच नाही. पेटीच्या एका टोकाला खालून हीटिंग पॅड लावला. त्याला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक उष्णतेला पॅड आपोआप बंद करणारं यंत्र, हवाच, नाहीतर पोट भाजतं. त्या बाजूला ३१-३२ अंश, दुसऱ्या बाजूला २६ च्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात उलटी पंचाईत होते, पारा ४५ ला जातो. तेव्हा पॅड बंद ठेवून पेटी घरातल्या सगळ्यांत गार खोलीत हलवावी लागते.

दुसरं, लपायला जागा. हा साप मूळचा बिळांत आणि वारुळांत राहणारा. आमची काचेची पेटी आधी पुढच्या खोलीत होती. तिथे टीव्ही, वर येणारा-जाणारा काचेवर टकटक करायचा. ती आतल्या कोठीच्या खोलीत नेली, तीन बाजूंनी जुनं लुगडं लावलं. फुटक्या माठाचे दोन अर्धे घेतले, कडा घासून घेतल्या आणि एक उबेच्या बाजूला, एक गार बाजूला पालथा ठेवला. अंग चोपून बसता येईल एवढीच जागा हवी, ऐसपैस नको. मग आठवडाभर त्याला कुणी हात लावला नाही. सासरी आलेली नवी सूनही पहिले काही दिवस पोटभर जेवत नाही, हा तर परमुलखातला मुका जीव.

फ्रीजरमधला गोठवलेला उंदीर रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात धरायचा. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. या अजगराच्या वरच्या ओठाला खाचा असतात, त्यांनी त्याला भक्ष्याची ऊब कळते; गार उंदीर त्याच्या लेखी भक्ष्यच नाही. उंदीर पिल्लाच्या सर्वांत जाड भागाएवढाच हवा. दिवे मालवल्यावर लांब चिमट्याने धरून हळूच हलवायचा. नाही घेतला तर तिथेच ठेवून दार लोटायचं. सकाळी तसाच असेल तर टाकून द्यायचा आणि आठवडाभर पुन्हा नाव काढायचं नाही. जिवंत उंदीर तर सोडूच नये, तो पिल्लालाच चावतो. डोळे निळसर धुरकट दिसले तर कात टाकायची वेळ आली असं समजावं, तेव्हा न खाणं साहजिकच आहे. पाण्याचं भांडं मात्र रोज स्वच्छ भरायचं, आणि दर आठवड्याला वजन लिहून ठेवायचं. वजन टिकून आहे तोवर धीर धरावा. सारखं घटत गेलं तर डॉक्टर गाठावा.

आमच्या पिल्लाने पहिला उंदीर माठाखालूनच झडप घालून घेतला. तो आनंद मी इथे लिहू शकत नाही.

माझी मागणी विकणाऱ्यांकडे आहे. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू पहिली कात टाकल्यावरच खायला लागतं. ते स्वतःहून काही वेळा जेवल्याशिवाय विकूच नये. पिल्लू कधी जन्मलं, शेवटची कात कधी टाकली, काय आणि किती आकाराचं खातं, जिवंत की फ्रीजरमधलं, एवढं एका कागदावर लिहून नोंदणीच्या कागदपत्रांसोबत द्यावं. आणि घेणाऱ्याने तो कागद हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपली,
एक माळकरी वाचक, जळगाव