आमचे बारा किल्ले परत द्या

पुणे
दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी

विषय : जुगाराचा खोटा ठपका ठेवून आमची जागा बंद केल्याबद्दल, आणि ती बंद असतानाच ‘वापर नाही’ या कारणाने आतली सगळी बांधकामं पुसून टाकल्याबद्दल तक्रार

महोदय / महोदया,

तुमच्या ऑनलाइन आभासी जगात स्वतःची जागा घेऊन तिथे लोकांना जमवायची जी यजमान योजना आहे, तिची मी वार्षिक सदस्य आहे. वर्षाची सहा हजार रुपये वर्गणी मी वेळेवर भरलेली आहे. २५ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री, ऐन कार्यक्रमात, तुमच्या स्वयंचलित यंत्रणेने आमच्या जागेला कुलूप घातलं. २४ डिसेंबरला, ‘६० दिवस या जागेत कोणीही आलेलं नाही’ असं कारण देऊन आतलं सगळं पुसून टाकण्यात आलं. या ६० दिवसांत आत कोणी आलं नाही, कारण तुम्हीच कोणाला आत येऊ देत नव्हता. आम्ही दाराशी येत होतो आणि ‘प्रवेश स्थगित’ ही पाटी वाचून परत जात होतो. ही माझी तक्रार आहे. पण काय पुसलं गेलं हे तुमच्यापैकी एकाही माणसाने आजवर विचारलेलं नाही, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

जागा बंद होईपर्यंत दर शनिवारी रात्री साडेआठला आम्ही तुमच्या जगात जमत होतो. तेव्हा दुबईत सात वाजलेले असतात. ऑक्टोबरात लंडनमध्ये दुपारचे चार आणि न्यू जर्सीत सकाळचे अकरा. सगळ्यांना जमेल अशी हीच एक वेळ आहे. गाण्याच्या भेंड्या, दमशेराज, नाव-गाव-फळ-फूल, श्रावणात उखाणे, मे महिन्यात मुलांसाठी खजिन्याचा शोध. एरवी व्हॉट्सॲपवर ‘शुभ सकाळ’ पाठवण्यापलीकडे ज्या मावस-चुलत भावंडांचा संबंध उरला नव्हता, ती इथे एकमेकांवर ओरडून भांडतात. व्हिडिओ कॉलवर हे होत नाही. तिथे एक बोलतो आणि बाकीचे चौकटीत बसून ऐकतात. तुमच्या जगात जवळ गेलं की आवाज मोठा येतो, लांब गेलं की विरतो, त्यामुळे एका कोपऱ्यात भेंड्या रंगलेल्या असताना दुसऱ्या कोपऱ्यात दोन जावा निवांत गप्पा मारू शकतात. याच सोयीसाठी मी पैसे भरले, आणि ही सोय तुम्ही खरोखर चांगली केली आहे हेही मला नमूद करायचं आहे.

यजमान म्हणून काय करावं लागतं ते थोडं सांगते, कारण तुमच्या उत्तरांवरून ते तुमच्याकडे कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. नवा माणूस आला की आधी त्याला चालायला शिकवायचं, नाहीतर तो भिंतीत तोंड खुपसून उभा राहतो आणि लाजून पुन्हा येत नाही. कोणाच्या घरात मिक्सर सुरू असला तर त्याचा माईक हळूच बंद करायचा. भेंड्यांमध्ये आवाज अर्धा-पाऊण सेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे सगळ्यांनी एका सुरात गायला गेलं की नुसता गोंगाट होतो. म्हणून आम्ही नियम केला : एकाने माईकवर ओळ धरायची आणि बाकीच्यांनी माईक बंद ठेवून आपापल्या घरात मोठ्याने म्हणायची. बांधकामाच्या खेळात प्रत्येक मुलाला त्याच्या चौकोनापुरताच हक्क द्यायचा, म्हणजे धाकट्याच्या हातून थोरल्याची भिंत उडत नाही. लाजरं मूल कोणतं, आगाऊ कोणतं, कोणाला कोणाच्या शेजारी उभं करायचं नाही, हे सगळं लक्षात ठेवावं लागतं. हे काम मी मनापासून आणि आनंदाने करते.

आता गेल्या दिवाळीबद्दल. महाराष्ट्रात दिवाळीला मुलं अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात, मावळे मांडतात. सोसायट्यांमध्ये अंगण राहिलं नाही आणि परदेशात तर मातीही मिळत नाही, म्हणून आम्ही किल्ले तुमच्या जगात बांधायचं ठरवलं. निमित्तही मोठं होतं. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. बारा किल्ले बारा कुटुंबांनी वाटून घेतले. जिंजी तंजावरच्या एका मराठी कुटुंबाने हट्टाने मागून घेतला, कारण राजाराम महाराजांनी मोगलांना जिथे वर्षानुवर्षं झुंजवलं तो किल्ला त्यांच्या घरापासून सर्वांत जवळ.

मुलांनी जे केलं त्यातलं एकच जवळून दाखवते. राजगड न्यू जर्सीतल्या दोन बहिणींकडे होता. राजगडाच्या संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी आहे; बाहेरची भिंत, आतली भिंत आणि मधून माणूस जाईल एवढी वाट. त्या दोघींनी आधी साधी एकेरी भिंत बांधली होती. नाशिकहून येणाऱ्या एका आजींनी ती पाहिली. त्या तरुणपणी राजगडावर जाऊन आलेल्या. ‘अगं, मधली वाट कुठंय? शत्रूने बाहेरची भिंत पाडली तरी आत दुसरी उभी, त्याच्यासाठी तर ती माची,’ असं म्हणून त्यांनी मुलींना सगळी भिंत उतरवायला लावली. मग तिघींनी मिळून दुहेरी तट उभा केला. मधली वाट इतकी नीट झाली की आपला अवतार, म्हणजे त्या जगातली आपली आकृती, त्यातून चालत गेला की दोन्हीकडे दगड, वर आकाशाची पट्टी, आणि वळण आलं की पुढचं काही दिसत नाही. सुवेळा माचीच्या कड्यातलं नेढंही, म्हणजे खडकाला आरपार पडलेलं भोकही, त्यांनी कोरलं. सिंधुदुर्ग करणाऱ्या दुबईच्या मुलाने दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरी जागच्या जागी दाखवल्या. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा लपवला होता की पाहुण्यांना तो शोधावा लागे. पुस्तकातून किंवा नुसते फोटो बघून मुलं हे शिकली नसती. बांधताना अडली, विचारत गेली आणि त्यातून शिकली.

२५ ऑक्टोबरला किल्ले पाहण्याचा आणि मत देण्याचा कार्यक्रम होता. मत देण्यासाठी मी तुमच्याच साधनांनी चिंचोके बनवले होते. प्रत्येक पाहुण्याला दारात पाच चिंचोके फुकट मिळायचे, किंमत शून्य. आवडलेल्या किल्ल्यापुढच्या परडीत ते टाकायचे. ज्या परडीत जास्त चिंचोके, त्या किल्ल्याच्या मुलांनी पुढच्या शनिवारी भेंड्यांचं पहिलं अक्षर द्यायचं. बक्षीस एवढंच. कोणी काही विकत घेतलं नाही, कोणाला पैसा मिळणार नव्हता, चिंचोके बाहेर कुठे चालतही नाहीत. पुष्कळ हातांतून बारा परड्यांमध्ये वस्तू जाताना दिसल्या आणि तुमच्या यंत्रणेने त्याला पैसे लावून खेळणं ठरवलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांच्या पडद्यावर लाल पाटी आली आणि साठेक माणसं एका क्षणात बाहेर फेकली गेली. मुलांना वाटलं आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. सात वर्षांची एक मुलगी आईला विचारत होती, ‘मी जास्त चिंचोके टाकले का?’ जुगार खेळल्याचा आरोप ज्या पाटीवर होता ती पाटी तुम्ही त्या मुलीलाही दाखवली.

पाटीवर ऑनलाइन गेमिंगच्या २०२५ च्या कायद्याचा उल्लेख होता. तो कायदा मी वाचला. त्यात ऑनलाइन मनी गेम, म्हणजे पैसे लावून खेळायचे खेळ, वेगळे, ई-स्पोर्ट्स, म्हणजे ऑनलाइन खेळांच्या स्पर्धा, वेगळे आणि ऑनलाइन सोशल गेम वेगळे आहेत. बंदी पहिल्यावर आहे. ज्यात पैसा किंवा दुसरं काही पणाला लावलेलं नाही, पैसे जिंकायची आशा नाही, आणि जो केवळ करमणुकीसाठी किंवा कौशल्य वाढवण्यासाठी आहे, तो खेळ सोशल गेम. त्यासाठी वर्गणी घेतली तरी चालते असंही त्यात म्हटलेलं आहे. आमचा खेळ नेमका या व्याख्येत बसतो. लहान मुलं जिथे येतात तिथे तुम्ही डोळ्यांत तेल घालून पाहिलंच पाहिजे, आणि संशय आला म्हणून एका रात्रीपुरतं थांबवलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण थांबवल्यावर कोणीतरी माणसाने पाहायला हवं होतं. चिंचोक्याची किंमत शून्य आहे, हे पाहायला एक मिनिटही लागत नाही.

त्या रात्रीच मी फेरविचाराचा अर्ज केला. सोबत नियमांचं पत्रक, चिंचोक्याचं वस्तुपान (त्या वस्तूची माहिती देणारं पान) आणि संभाषणाची नोंद जोडली. उत्तर आलं की, ‘आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आपली विनंती रांगेत आहे.’ पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, शब्दही तेच. नोव्हेंबरच्या मध्यावर ‘निर्णय कायम’ अशी एका ओळीची मेल आली. त्याला कारण नव्हतं आणि निर्णय घेणाऱ्याचं नाव किंवा पदही नव्हतं. बांधकामं पुसली जाणार आहेत याची पूर्वसूचना त्यात नव्हती आणि नंतरही आली नाही. २४ डिसेंबरला आलेली मेल सगळं पुसून झाल्यावरची होती. घरमालकाने कुलूप लावायचं, आणि घरात राहत नाही म्हणून भाडेकरूचं सामान रस्त्यावर टाकायचं, तसा हा प्रकार झाला. भाडेकरूला निदान रस्त्यावरचं सामान गोळा करता येतं; आमच्याकडे काहीच उरलं नाही.

हे टाळता आलं असतं, कारण तुमच्या धंद्यात याच्या वाटा आधीच पडलेल्या आहेत. सेकंड लाइफ या दुसऱ्या आभासी जगात जमिनीवरून एखादी वस्तू आपोआप हटवली गेली तर ती तिच्या मालकाच्या सामानात ‘हरवले-सापडले’च्या खणात परत जाते. आणि रहिवाशांनी बनवलेल्या गोष्टींवरचा बौद्धिक हक्क रहिवाशांचाच, हे त्यांनी २००३ सालीच जाहीर केलं. माइनक्राफ्ट या बांधकामाच्या खेळातल्या रेल्म्स या वर्गणीच्या सेवेत आपलं जग उतरवून घरी ठेवता येतं. तुमच्याकडे यातलं काहीच नाही, आणि योजना विकताना ते कुठे सांगितलेलंही नाही.

आणखी एक गोष्ट, थोडी जुनी. १९८६ मध्ये लुकासफिल्मने कमोडोर ६४ या संगणकासाठी हॅबिटॅट नावाचं आभासी जग सुरू केलं. तिथल्या मंडळींनी आठवडे खर्चून एक मोठा खजिन्याचा खेळ रचला. खेळाडूंना तो काही दिवस पुरेल अशी त्यांची अटकळ होती. एका खेळाडूने तो सुमारे आठ तासांत सोडवला. ते जग जिवंत राहिलं ते तिथल्या माणसांनी स्वतः उभं केलेल्या गोष्टींवर, म्हणजे लग्नं लावणं, वर्तमानपत्र काढणं यावर. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच कळलेलं आहे की कंपनी जागा देते, जीव येतो तो येणाऱ्या माणसांमुळे. तुमच्या जाहिरातीत ‘समुदाय’ हा शब्द ठायी ठायी आहे. तो समुदाय कोणीतरी दर शनिवारी जमवत असतो.

माझं मागणं असं आहे. तुमच्याकडे साठवणीच्या प्रती असणारच. २५ ऑक्टोबरच्या आधीच्या प्रतीवरून आमची जागा बाराही किल्ल्यांसह पूर्ववत करून द्या. माझ्या खात्यावरचा जुगाराचा शेरा लेखी काढून टाका आणि त्या रात्री ज्यांना ती पाटी दिसली त्या सगळ्यांना, विशेषतः मुलांना, चूक कंपनीची होती असं कळवा. याबाबतीत मी तडजोड करणार नाही. तुम्हीच बंद केलेल्या जागेचे दिवस ‘वापर नाही’ म्हणून मोजणं सर्वांसाठी थांबवा, आणि काहीही पुसण्याआधी निदान ३० दिवसांची सूचना आणि बांधलेलं उतरवून घेण्याची सोय द्या. जागा बंद होती त्या काळाची वर्गणी परत करा. किल्ले परत आणणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नसेल तर तसं जबाबदार माणसाच्या सहीने सांगा, म्हणजे मुलांना मी खरं काय ते सांगेन.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. पैसे घेऊन सेवा न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतली त्रुटी आहे, आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवू देणारी अट त्याच कायद्यात अन्यायकारक म्हटलेली आहे. महिनाभरात समाधान झालं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करेन आणि पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक राहतो तिथेच दाद मागता येते, आणि माझ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही.

१९ फेब्रुवारीला शिवजयंती आहे. त्या आधी जागा पूर्ववत झाली तर राहिलेलं मतदान आम्हाला त्या दिवशी घेता येईल. कृपया उत्तर माणसाकडून यावं आणि त्यावर नाव व पद असावं.

आपली,
यजमान योजनेची वार्षिक सदस्य

सोबत : वर्गणीची पावती, २५ ऑक्टोबरच्या पाटीचं छायाचित्र, खेळाचं नियमपत्रक, चिंचोक्याचं वस्तुपान, आजवरच्या मेल, बाराही किल्ल्यांची आदल्या दिवशी काढलेली छायाचित्रं, बारा कुटुंबांच्या सह्यांचं निवेदन