पिक्सारचे चित्रपट संगणक काढत नाही

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पिक्सार या अमेरिकन ॲनिमेशन स्टुडिओच्या चित्रपटांवर आपण अर्धे पान दिलेत, तेही बालविभागात, शब्दकोड्याच्या शेजारी. जागेबद्दल पुढे लिहितेच. पण या चित्रपटांतली चित्रे माणसांना काढावी लागत नाहीत, सगळे संगणकच करतो, असे त्यात छापले आहे. आणि अख्ख्या मजकुरात एकाही दिग्दर्शकाचे नाव नाही.

मी बडोद्यातल्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. याच समजुतीपायी माझ्या वर्गातून मुले गेलेली मी पाहिली आहेत. रावपुऱ्यातला एक मुलगा होता. समोरचा माणूस बोलत असतानाच त्याचे बसणे, मान कलती ठेवणे दोन-चार रेषांत पकडायचा. नववीत गेल्यावर त्याच्या वडिलांनी क्लास बंद केला. म्हणाले, "बाई, आता हे सगळं कॉम्प्युटर करतो. पोरगं पेन्सिल कशाला झिजवतंय?" तुमच्यासारख्या जुन्या, घरोघरी वाचल्या जाणाऱ्या वृत्तपत्राने तेच छापले की असे वडील आणखी निर्धास्त होतात. हल्ली एआय चित्रे तयार करून देते, तो विषय वेगळा. मी बोलते आहे ते पिक्सारच्या गेल्या तीस वर्षांतल्या चित्रपटांबद्दल.

संगणकाचा वाटा मोठा आहे, हे मला मान्यच आहे. 'टॉय स्टोरी' नोव्हेंबर १९९५ मध्ये आला. संपूर्ण संगणकावर तयार झालेला तो पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यात १,१४,२४० फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी स्थिर चित्रे, होती. ११७ यंत्रे रात्रंदिवस चालत आणि एकेका फ्रेमला ४५ मिनिटांपासून ३० तासांपर्यंत वेळ लागे. पृष्ठभागावर उजेड कसा पडेल, सावली कुठे जाईल, याचे हे गणित. ते गणित बसवणारे एड कॅटमुल आणि पॅट हॅनराहन यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा २०१९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण त्यातल्या वुडी या खेळण्याने भुवई किती उचलायची, बझ या दुसऱ्या खेळण्याने थबकायचे की नाही, हे त्या ११७ यंत्रांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. ते ॲनिमेटरने, म्हणजे पात्रांना हालचाल देणाऱ्या कलाकाराने, ठरवले.

त्याच्याही आधी कागद आणि रंग. 'टॉय स्टोरी'चे कलादिग्दर्शक राल्फ एगलस्टन यांनी चित्रपटाचे रंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत पेस्टल खडूंनी लांब पट्ट्यांवर रंगवून काढले होते. कुठला प्रसंग उबदार, कुठला करडा, आनंद कुठे चढतो आणि कुठे विझतो, ते त्या पट्ट्यांवर एका नजरेत दिसते. खडू, बरं का. आमच्या मुलांच्या दप्तरात असतात तेच. कथेचेही तसेच. प्रत्येक प्रसंगाची चित्रे हाताने काढायची, ती ओळीने लावून सगळ्यांनी पाहायची, जमले नाही तर फाडून पुन्हा काढायची. नोव्हेंबर १९९३ मध्ये 'टॉय स्टोरी'ची अशी चित्रमालिका चित्रपटाला पैसा पुरवणाऱ्या डिस्ने कंपनीच्या अधिकाऱ्यांना दाखवली, तेव्हा वुडी इतका खुनशी वाटला की काम थांबवावे लागले. यंत्रे होती, पैसा होता, पण पात्र चुकले होते. मग माणसांनी पुन्हा बसून कथा उभी केली.

निरीक्षणासाठी ही मंडळी काय काय करतात, ते तर प्रत्येक चित्रकला शिक्षकाने वर्गात सांगावे. 'फाइंडिंग नीमो'च्या वेळी (२००३) मासा पोहताना कुठला पर कसा हलवतो, हे शिकवायला ॲडम समर्स हे मत्स्यशास्त्रज्ञ स्टुडिओत व्याख्याने देत. स्वयंपाक करणाऱ्या उंदराच्या 'रॅटाटूई'साठी (२००७) स्टुडिओत उंदीर पाळले होते. कचऱ्याचा ढीग खरा दिसावा म्हणून फळे-भाज्या कुजू देऊन त्यांचे फोटो काढले. भिजलेला आचारी कसा दिसतो, ते पाहायला एका माणसाला आचाऱ्याच्या पोशाखात पोहण्याच्या तलावात उतरवले. मी मुलांना कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात वही घेऊन न्यायची, तेव्हा पालक विचारत, पुस्तकात फोटो असताना एवढ्या उन्हात कशाला? त्याचे उत्तर हेच आहे.

पण मला मनापासून लिहायचे आहे ते 'अप'बद्दल. पीट डॉक्टर दिग्दर्शक, वर्ष २००९. सुरुवातीला कार्ल आणि एलीचे लग्न, संसार, मूल न होणे, साठवलेल्या पैशांना पुन्हा पुन्हा लागणारी गळती, म्हातारपण आणि तिचे जाणे, हे सगळे सुमारे चार मिनिटांत येते आणि त्यात एकही संवाद नाही. मायकेल जियाकिनो यांचे संगीत आणि चित्रे, एवढेच. माझ्या जाऊबाईंना इंग्रजीचा गंध नाही. त्या सहज येऊन बसल्या आणि पदर डोळ्यांना लावूनच उठल्या. आता चित्रे नीट पाहा. कार्ल चौकोनी आहे: जबडा, चष्मा, खुर्ची, सगळे चौकोनी. एली गोलाईची. तिची खुर्चीही वळणदार, त्याच्या खुर्चीशेजारी मांडलेली. ती गेल्यावर घरात उरतात ते कोपरे. एलीशी जोडलेला गुलाबी-किरमिजी रंगही पडद्यावरून ओसरतो आणि पुढे साहसाबरोबर हळूहळू परत येतो. आकार आणि रंग यांनी दुःख सांगणे म्हणजे काय, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर समजावत आले. या चार मिनिटांइतके स्वच्छ मला कधी सांगता आले नाही. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मुख्य नामांकनांत 'अप' होता, पुढच्या वर्षी 'टॉय स्टोरी ३' होता. असे चित्रपट बालविभागात अर्ध्या पानात कसे मावणार?

सगळेच थोर आहेत असे मी म्हणत नाही. 'कार्स २' (२०११) मला पूर्ण फसलेला वाटतो. धावपळ भरपूर, माणूस कुठेच नाही. परीक्षणात तेही यावे. 'कोको'त (२०१७) गिटार वाजवणाऱ्या पात्राची बोटे योग्य तारांवर पडतात, कारण खऱ्या वादकांचे हात चित्रित करून अभ्यासले होते, हेही यावे. नुसते 'ॲनिमेशन छान' म्हटल्याने वाचकाच्या हाती काय लागते?

बडोदेकरांनी तर या कलेला परके मानू नये. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले आणि त्यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात आगकाड्या एकेका फ्रेमने हलवून नाचवल्या. इथल्या ललित कला विद्याशाखेच्या जत्रेत के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे चित्रकार स्वतः खेळणी घडवून विकायला ठेवत. आणि २०१५ मध्ये पिक्सारने काढलेला 'संजयज सुपर टीम' हा लघुपट एका गुजराती घरातल्या मुलाचा आहे. वडील देवपूजेला बसलेले, मुलगा टीव्हीसमोर, आणि मग विष्णू, दुर्गा, हनुमान. दिग्दर्शक संजय पटेल यांच्या स्वतःच्या लहानपणावरून तो बेतलेला आहे. त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. आमच्या शेजारच्या पटेल कुटुंबाला हे मी सांगेपर्यंत माहीत नव्हते.

तेव्हा विनंती अशी. या चित्रपटांचे परीक्षण चित्रपटांच्या पानावर, आपल्या नेहमीच्या समीक्षकांकडून यावे. दिग्दर्शक, लेखक, संगीतकार, कलादिग्दर्शक यांची नावे द्यावीत. संगणकच सगळे करतो हे विधान पुढच्या रविवारी दुरुस्त करावे. आणि दहावी-बारावीच्या निकालांच्या सुमारास पालकांसाठी एक लेख छापावा: अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था बडोद्याहून गाडीने दोनेक तासांवर आहे, तिथे ॲनिमेशन शिकता येते आणि प्रवेशपरीक्षेत हाताने चित्र काढून दाखवावे लागते.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे