शोभेच्या माशाचे मूळ ठिकाणही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील शोभेच्या माशांवरील लेखात बांगाई कार्डिनलचे छायाचित्र आणि टाकीची माहिती होती. तो मुळात कुठला, हे मात्र राहून गेले. रुपेरी अंगावर काळे पट्टे आणि पांढरे ठिपके असलेला, जेमतेम आठ सेंटीमीटरचा हा मासा मूळचा इंडोनेशियातील सुलावेसीच्या पूर्वेकडील बांगाई द्वीपसमूहाचा. तिथल्या उथळ, शांत पाण्यात प्रवाळ आणि समुद्री गवताच्या आसपास तो राहतो आणि धोका दिसताच सी अर्चिन या गोल, काटेरी सागरी प्राण्याच्या लांब काळ्या काट्यांत किंवा समुद्रफूल (सी ॲनिमोन) या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या डंख मारणाऱ्या शुंडकांत शिरतो.

त्याचे प्रजनन विलक्षण आहे. मादीने घातलेली अंडी नर तोंडात घेतो, ती फुटल्यावर पिल्लांनाही काही दिवस तोंडातच सांभाळतो आणि तेवढे दिवस उपाशी राहतो. प्रवाळांतील बहुतेक माशांची पिल्ले प्रवाहाबरोबर दूरवर जातात. तापीच्या पुरात वरच्या डोहातले मासे खाली येतात, तसाच हा प्रकार. बांगाई कार्डिनलची पिल्ले मात्र बापाच्या तोंडातून सुटली की जवळच्याच काट्यांत आसरा घेतात. त्यामुळे एका खाडीतले मासे उपसून नेले, तर शेजारच्या बेटाकडून ती उणीव भरून निघण्याची आशा फार थोडी. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मत्स्यालयांसाठी त्यांची अफाट पकड झाली, त्यात तिथले अर्चिन आणि समुद्रफुलेही खाण्यासाठी काढली जाऊ लागली, आणि २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत हा मासा संकटग्रस्त ठरला.

गेल्या महिन्यात जळगावातील एका दुकानात मला असे सहा मासे दिसले. कुठून आले, असे विचारता ‘मुंबईहून’ एवढेच उत्तर मिळाले. समुद्रातून पकडलेले की टाकीत पैदास केलेले, हे दुकानदारालाही ठाऊक नव्हते. या माशाची पैदास टाकीत होऊ शकते, म्हणूनच हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. शिवाय खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणे आपल्याकडे सोपे नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि वीज गेली की टाकीतला पंप बंद पडतो.

तरी पुरवणीत अशा माशांविषयी लिहिताना त्यांचे मूळ ठिकाण आणि पैदास कुठे झाली, हेही कृपया छापावे, आणि दुकानदारांनी ते टाकीवर लिहावे, असे आवाहन आपल्या पत्रातून करावे, ही विनंती.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, जळगाव