तू डबा म्हणालास त्या विमानाबद्दल

देवगड, रविवार दुपार

प्रिय दोस्ता,

पाय कसा आहे? प्लॅस्टर निघायला अजून तीन आठवडे आहेत असं वहिनी म्हणाल्या, म्हणजे तू घरात बसून कंटाळला असणार आणि माझं लांबलचक पत्र वाचायला तुला दुसरा पर्याय नाही, म्हणून आज दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून लिहायलाच बसलोय.

परवा मी पाठवलेला विमानाचा फोटो बघून तू पटकन म्हणालास, "हा तर पत्र्याचा डबा, ह्याला पंख कोणी लावले?" मी हसलो नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. राग नाही आला रे, पण ते मनातून जाईना. पंचवीस वर्षं मी अल्युमिनियमचं काम करतोय, खिडक्या, पार्टिशन, दुकानांचे दरवाजे, आणि त्या हँगरमध्ये मी त्या डब्यासमोर तासभर उभा होतो, कारण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या धंद्यातल्या वस्तू मला आकाशात जाणाऱ्या दिसल्या. पत्रा, अँगल, रिव्हेट. दुसरं काही नाही.

भाची एनसीसीच्या एअर विंगला आहे तुला माहितीये, तिच्यामुळे आत जायला मिळालं. विमानाचं नाव झेनेअर सीएच ७०१, दोन माणसांचं, शेजारीशेजारी बसायचं. एनसीसीकडे ही बरीच वर्षं होती, नंतर स्लोव्हेनियाची पिपिस्ट्रेल व्हायरस घेतली, २०१५ मध्ये सैन्यदलं आणि एनसीसी मिळून १९४ विमानांचा करार झाला होता. व्हायरस दिसायला एकदम देखणी, गुळगुळीत, फायबरची, तू ती बघितली असतीस तर डबा म्हणाला नसतास. पण मला ती समजली नाही, साच्यातून निघालेली वस्तू मला समजत नाही. ७०१ समजली.

ही बनवणारा माणूस म्हणजे क्रिस हाइंट्झ. झुरिकच्या ईटीएच ह्या तंत्रज्ञान विद्यापीठात शिकलेला, कॉन्कॉर्डच्या कामात होता, आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं विमान बघ! मग फ्रान्सच्या रोबँ कंपनीत छोटी विमानं, आणि १९६९ मध्ये स्वतः एक धातूचं विमान बांधलं, त्याचं नाव झेनिथ. आडनावाची रोमन अक्षरं उलटीपालटी केली की झेनिथ होतं, मी वहीत लिहून बघितलं, खरंच होतं. नंतर कॅनडात जाऊन डी हॅविलँडमध्ये डॅश ७ वर काम केलं. डॅश ७ म्हणजे पन्नास सीटचं, चार इंजिनांचं, आखूड धावपट्टीवरून उडणारं प्रवासी विमान. १९७४ मध्ये स्वतःची झेनेअर काढली आणि १९८६ ला हे ७०१ आणलं. मला ह्यात सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की कॉन्कॉर्डपासून सुरू करून माणूस शेवटी सगळी अक्कल कशाला लावतो तर हळू कसं उडता येईल ह्याला. ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास येईपर्यंत हे विमान हवेत राहतं. आपली एसटी जामसंड्याच्या उतारावरून त्यापेक्षा जोरात येते.

आता तुझ्या डब्याकडे येतो. एकेक वाकडी गोष्ट घेऊ.

पंखाच्या पुढे तुला ती वेगळी पट्टी दिसली ना, जणू दुसराच एक छोटा पंख पुढे बोल्ट करून टाकलाय, मध्ये फट ठेवून? त्याला स्लॅट म्हणतात. आठवतं का, जेटीच्या कोपऱ्यावर भरतीचं पाणी वळायचं आणि कोपरा सोडला की मागे भोवरा व्हायचा, आपण त्यात नारळाची करवंटी सोडायचो आणि ती तिथेच गरगरत बसायची. पाणी दगडाला चिकटून वळायला तयार असतं, पण वळण फार तीव्र झालं की सुटतं. हवेचंही तसंच. पंखाचं नाक वर करत गेलं की हवा वरच्या बाजूने चिकटून जाते, उचल वाढते, पण एका कोनानंतर सुटते, मागे भोवरे, उचल गायब, त्यालाच स्टॉल म्हणतात. त्या फटीतून खालची जोराची हवा वर येते आणि सुटायला आलेल्या हवेला परत पंखाला चिकटवते, म्हणून हे विमान तीस अंशांच्या आसपास नाक वर करूनही पडत नाही. ही युक्ती नवीन नाही, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास इंग्लंडचा हँडली पेज आणि जर्मनीचा लाखमान ह्या दोघांनी वेगवेगळं ती शोधली होती आणि जर्मनांचं स्टॉर्क विमान ह्याच स्लॅटवर कुठल्याही शेतात उतरायचं. आणि घार! आपल्या मासळी बाजारावर घार उतरताना नीट बघ, पंखाच्या पुढच्या कडेला अंगठ्याएवढं एक पीस वेगळं उभं राहतं. मी चाळीस वर्षं घारी बघतोय आणि ते पीस मला ह्या वर्षी दिसलं.

मागे पंखाच्या खाली लटकणारी ती लांबच लांब फळी, ती फ्लॅपही आहे (हळू उडताना उचल वाढवणारा) आणि एलेरॉनही (विमान डावं उजवं कलवणारा), अख्ख्या लांबीची. जुन्या युंकर्स विमानांची पद्धत. पंखाच्या आत न बसवता खाली अंतर सोडून टांगली की तिला कायम स्वच्छ हवा मिळते, त्यामुळे अगदी हळू असतानाही विमान डावं उजवं ऐकतं. शेपटीचा उभा भाग तर अख्खाच फिरतो, स्थिर असा काही भागच नाही, आणि आडवी शेपटी उलटी लावलीय, म्हणजे पंखाचा फुगीर भाग वर असतो तसा हिचा खाली आहे, कारण शेपटीला खाली दाबायचं काम असतं, वर उचलायचं नाही. इतकं साधं. मला तिथल्या एका सरांनी हे सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला रे.

आणि पंख डोक्यावरून जाताना मधे निमुळते होतात ते वळताना वरचं दिसावं म्हणून. विमान चालवायची दांडी एकच, दोघांच्या मधे, वर वाय सारखी फुटलेली. मागच्या चाकांना शॉकअब्सॉर्बर नाही, जाड अल्युमिनियमची एकच पट्टी वाकवून दोन्ही चाकं तिला, बैलगाडीच्या आसासारखी नाही तर ट्रकच्या पाट्यासारखी. पुढच्या चाकाला चक्क रबरी दोर.

वजन रिकामं २६५ किलोच्या आसपास. दीड बुलेटपण नाही. आपल्याकडे मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलकं विमान, म्हणायचं तर सगळं धरून ४५० किलोच्या आत पाहिजे, म्हणजे दोन माणसं आणि पेट्रोल मिळून जेमतेम १८५ किलो उरतात. तू आणि मी बसलो तर पेट्रोल मोजूनच भरावं लागेल. इंजिन ऑस्ट्रियाचं रोटॅक्स, आधी ५८२ म्हणजे टू स्ट्रोक ६५ हॉर्सपॉवर, नंतर बऱ्याच जणांनी ९१२ लावलं, फोर स्ट्रोक ८० चं, सिलिंडर हवेने थंड आणि हेड पाण्याने, आणि पंपावरच्या पेट्रोलवर चालतं.

आता माझा विषय. पत्रा ६०६१ टी६ ह्या जातीच्या अल्युमिनियमचा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. आपल्या खिडक्यांचं सेक्शन ६०६३ असतं, तिचीच जवळची बहीण म्हण. मोठ्या विमानांत २०२४ वापरतात, ती जास्त ताकदीची पण खाऱ्या हवेत लवकर गंजते, हाइंट्झने मुद्दाम ६०६१ घेतली कारण ती गंजायला अवघड, वाकवायला सोपी आणि स्वस्त. देवगडला बसून ह्या निर्णयाची किंमत मला कळते! इथे साध्या पॉप रिव्हेटची लोखंडी पिन दोन पावसाळ्यांत तांबडं पाणी सोडायला लागते, गिऱ्हाईक मलाच शिव्या घालतं. तिकडे पत्र्यावर पत्रा येतो तिथे मधे झिंक क्रोमेट, म्हणजे गंज रोखणारा रंग, लावतात. आणि रिव्हेट! आपल्यासारखेच एका बाजूने ओढायचे, आतून हात घालायची गरज नाही, पण रिव्हेट ओढायच्या गनच्या नाकाला खळगा पाडलेला असतो, त्यामुळे चपट्या डोक्याचा रिव्हेट ओढताना त्याचं डोकं घुमटासारखं गोल बसतं आणि भोक गच्च भरतं. म्हणून तर लोक घरी गॅरेजमध्ये हे विमान बांधतात. अमेरिकेत मिसुरी राज्यात मेक्सिको नावाचं गाव आहे, तिथे हाइंट्झच्या मुलाने १९९२ मध्ये किटचा, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांचा, कारखाना काढला, नवीन माणूस तिथे येऊन दोन दिवसांत फक्त रडर, म्हणजे तो शेपटीचा उभा भाग, बांधतो आणि घेऊन घरी जातो. उरलेलं विमान मग त्याच्या मागे.

दोष आहेत, लपवत नाही. स्लॅट कायम बाहेर म्हणजे हवेचा अडथळा कायम, ताशी १३० च्या आसपासच जातं, म्हणून काहींनी स्लॅट काढून पंखावर बारीक बारीक पात्या लावून बघितल्या. आणि हळू येताना इंजिन बंद पडलं तर हे तरंगत नाही, दगडासारखं खाली येतं, नाक लगेच खाली दाबून वेग पकडावा लागतो, त्याला उंची लागते. सर हे दोनदा बोलले. हलकं असल्यामुळे वाऱ्यात धक्केही खूप, आपल्या जूनच्या वाऱ्यात तर नावच काढू नये.

तरी मला परत परत आपला सडा आठवतो. मळ्याच्या वरचं ते पठार, जिथे दिवाळीच्या सुट्टीत गवत पिवळं झालेलं असायचं, खाली नुसता जांभा, आणि आपण दोघं हात पसरून पळायचो, तू कायम मिराज आणि मी कायम दुसरं कोणतरी. चिपी विमानतळाची धावपट्टी अडीच किलोमीटर लांब आहे, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये चालू झाली तेव्हा मी बघायला गेलो होतो. ह्या डब्याला उडायला चाळीसेक मीटर पुरतात. चाळीस, अरे आपण धापा न टाकता तेवढे पळायचो! परवानगीशिवाय कोणी सड्यावर विमान उतरवू शकत नाही हे मला माहितीये, पण कोणीतरी कागदावर असं विमान काढलं की ज्याला आपला सडा पुरेसा आहे, एवढं कळल्यावर मी त्याला डबा कसा म्हणू, तूच सांग.

एक गोष्ट फोनवर सांगितली नाही. दुकानात मागच्या बाजूला मी एक बरगडी ठोकतोय. पंखाच्या आत असते ती, आडवी. विमान नाही बांधत, घाबरू नको, मूळ ड्रॉइंगही नाहीये, फक्त हाताला कळावं म्हणून. फणसाच्या लाकडाचे दोन साचे केले, मधे पत्रा दाबून कडा हातोडीने हळूहळू वळवायच्या, जिथे वळण बाहेर आहे तिथे पत्र्याला सुरकुत्या पडतात, त्या कशा जिरवायच्या हे अजून जमत नाहीये, तीन फेकल्या, चौथी बरी आहे. पण माझ्याकडचा पत्रा चुकीचा आहे, फार मऊ. पुण्यात भोसरीकडे कुणाकडे ६०६१ टी६ ची अर्ध्या मिलिमीटरची अर्धी शीट मिळते का विचारशील? गुंडाळू नको सांग त्याला, दोन प्लायवूडमधे सपाट ठेवून द्यायला सांग, आणि गणपतीला येताना गाडीच्या टपावर बांधून आण. तोपर्यंत तुझा पाय टेकायला लागला असेल, साचा धरायला मला कुणीतरी लागतंच.

आईने तुला कुळथाचं पीठ पाठवलंय, मंगळवारच्या गाडीने येईल.

तुझाच,
देवगडवाला